पुरुमेंतातील एक सुरी

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी आमच्या म्हापशाच्या सेंट जेरोम इगर्जीत मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त साजरे होते. शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून सायबिणीस मानणारे हिंदू बांधवही त्या दिवशी श्रद्धेने तेल घेऊन येतात, आणि इगर्जीबाहेर फेरी भरते. त्या फेरीपासून पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकच लगबग दिसते. सुकी मासळी, सोले, मिरची, कांद्यांच्या माळा, उकडे तांदूळ, मीठ, गूळ, व्हिनेगर ह्यांनी पिशव्या भरभरून घरी जातात. हे आपले पुरुमेंत! चार महिने नदीनाले फुगतील, होड्या किनाऱ्यास लागतील, वाटा बंद होतील, तेव्हा चूल विझू नये म्हणून आपल्या आजीपणज्यांनी घालून दिलेला हा वळसा आहे. ज्या घरात पुरुमेंत नीट भरलेले असे, त्या घरची गृहिणी पावसाकडे निर्भयपणे पाहत असे.

परंतु वाचकहो, पुरुमेंत केवळ पोटाचेच असते काय? ज्या रात्री छप्पर उडते, झाड कोसळते, पाणी उंबरठा ओलांडून आत येते, त्या रात्रीचे पुरुमेंत आपण कधी भरले आहे काय? आज मी त्या पुरुमेंतातील एकाच जिनसाविषयी लिहिणार आहे, आणि तो जिन्नस म्हणजे एक चांगली सुरी. धर्मगुरूने सुरीविषयी लिहावे ह्याचे काहींना नवल वाटेल. तथापि ज्या दोन प्रसंगांनी मला हे लिहिणे भाग पाडले ते आधी सांगतो, म्हणजे नवल उरणार नाही.

दोन प्रसंग

पहिला प्रसंग माझ्याच फजितीचा आहे. १६ मे २०२१ रोजी, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. महामारीचे दिवस होते आणि माणसे आधीच घरात कोंडलेली होती. दुपारपर्यंत गोव्यात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब वाकले, आणि कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात राहिली. आमच्या धर्मग्रामातील एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंच्या दारावर आंब्याची मोठी फांदी आडवी झाली. बाईंस दम्याचा विकार. आतून त्यांची हाक ऐकू येत होती, पण दार उघडत नव्हते.

माझ्यापाशी एक सुरी होती. काही वर्षांपूर्वी मी ती मोठ्या हौसेने विकत घेतली होती. पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीच्या टोकास होकायंत्र, आणि पोकळ मुठीच्या आत काड्या, गळ व दोरा. दिसावयास ती एखाद्या सेनापतीची वाटे. ती घेऊन मी धावलो. पहिल्या घावात साल निघाली, दुसऱ्यात ढलपी उडाली, आणि तिसऱ्या घावास पाते मुठीतून निखळून चिखलात जाऊन पडले. माझ्या हाती उरली ती होकायंत्र बसवलेली मूठ. उत्तर दिशा कोणती हे मला तेव्हा अचूक कळत होते, परंतु बाईंचे दार काही उघडत नव्हते!

इतक्यात शेजारचा एक म्हातारा रेंदेर आपली काती आणि एक जुना कोयता घेऊन आला. चाळीस वर्षे माडावर चढउतार केलेला तो माणूस. त्याने कोयत्याने बारीक फांद्या छाटल्या, मग मुख्य फांदी दोन जागी तोडली, आणि पाव तासाच्या आत दार मोकळे केले. बाई भेदरल्या होत्या, पण सुखरूप होत्या. काम आटोपल्यावर त्याने चिखलातील माझे पाते उचलले, त्याच्या मुळाकडे निरखून पाहिले, आणि शांतपणे म्हणाला, "पाद्री, ही सुरी न्हय, हें खेळणें." मी त्यावर काय बोलणार? त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

दुसरा प्रसंग हसण्याजोगा नाही. त्याच वर्षी जुलैच्या उत्तरार्धात पूर आला. म्हादई आणि वाळवंटी पात्राबाहेर गेल्या. सत्तरी, डिचोली आणि पेडणे ह्या तालुक्यांतील अनेक घरे पाण्याखाली गेली. १९८२ नंतर असा पूर आला नव्हता, असे मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या नदीकाठच्या लोकांस पाणी नवे नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्येही अतिवृष्टीत तिळारी धरणाचे पाणी सोडावे लागल्याने तेथील गावांनी पूर पाहिला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही काहीजण तांदूळ व पांघरुणे घेऊन नदीकाठच्या एका गावी गेलो. तेथे एका शेतकऱ्याने मला आपल्या दाराच्या चौकटीवरील चिखलाची रेघ दाखवली. ती माझ्या छातीपर्यंत येत होती.

त्याच्या गोठ्यात पाच जनावरे होती. पहाटे पाणी आले तेव्हा ती भेदरून दाव्यांस हिसके देऊ लागली, आणि भिजलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांच्या गाठी अशा आवळल्या की बोटांनी सुटेनात. बायकोने स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणून दिली. बोथट सुरी ओल्या नायलॉनवरून नुसती घसरत होती. एकेक दावे कापावयास लागणारा वेळ पाणी चढण्याच्या वेळाहून अधिक होता. चौथे दावे तुटले तेव्हाच सुरीची प्लास्टिकची मूठ फुटली आणि पाते पाण्यात गेले. पाचवी गाय गाभण होती. "फादर, मी गाठ दातांनीही तोडून पाहिली," तो म्हणाला. मग पाणी त्याच्या छातीस लागले आणि पोरांना घेऊन त्यास निघावे लागले. थोडा वेळ गप्प राहून त्याने जे म्हटले ते आजही माझ्या कानांत आहे. "दावे माझ्याच हाताने बांधले होते. ते कापावयास माझ्याच घरात एक धड सुरी नव्हती."

त्या माणसास मी कोणता उपदेश करणार होतो? मी त्याच्याजवळ बसलो, एवढेच. परंतु परतताना मनाशी ठरवले की माझ्या धर्मग्रामात तरी ही गोष्ट बोलून दाखवावयाची.

पिशवी आणि तीतील सुरीचे स्थान

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रत्येक कुटुंबास संकटकाळासाठी जी पिशवी तयार ठेवावयास सांगितले आहे, तीत विजेरी व जादा बॅटऱ्या, बॅटरीवर चालणारा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, कोरडे अन्न व पाणी, जलरोधक डबीत मेणबत्त्या व काड्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, नेहमीची औषधे, रोख पैसे, जाड दोर, मजबूत पादत्राणे आणि एक सुरी ह्यांचा समावेश आहे. ह्या यादीतील बहुतेक वस्तू एकच काम करतात. सुरी मात्र दहा कामे करते. ती दावे कापते, ताडपत्रीस दोर घालते, ओल्या लाकडाचा कोरडा गाभा काढून चूल पेटवते, कापडाच्या पट्ट्या फाडून जखम बांधू देते, शहाळे फोडून तहानलेल्यास पाणी देते, आणि बुडत्या मोटारीतील माणसाचा अडकलेला पट्टा तोडते. म्हणूनच ती सुरी ऐन वेळी मोडली, तर एक वस्तू मोडत नाही; दहा वस्तू मोडतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कोयता आणि सुरी ह्यांची कामे निराळी आहेत. फांदी तोडावयास कोयताच हवा, आणि तो आपल्या बहुतेक घरांत आहेच. तो दारामागे ठेवावा. आदोळीही स्वयंपाकघरात आहेच, पण आदोळी काखेत मारून कोणी पळू शकत नाही! पिशवीत ठेवावयाची सुरी ही लहान, मजबूत आणि अंधारातही हाताळता येईल अशी असावी. तीच आपण कशी निवडावी हे आता पाहू.

निवड कशी करावी

पहिली कसोटी मुठीच्या आत दडलेली असते. सुरी मोडते ती बहुधा पात्याच्या मध्यावर मोडत नाही. पाते आणि मूठ जेथे मिळतात तेथे मोडते. स्वस्त सुरीत पात्याचा जेमतेम दोन बोटे लांबीचा, निमुळता भाग मुठीत खुपसून चिकटवलेला असतो. माझ्या पोकळ मुठीच्या सुरीत तर तेवढाही नव्हता. चांगल्या सुरीचे पाते पूर्ण रुंदीने मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत जाते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडाच्या किंवा तत्सम पदार्थाच्या फळ्या आरपार खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. अशी सुरी हातात उभी धरली की मुठीच्या कडेने पोलादाची अखंड रेघ दिसते. ती रेघ दिसली तर पुढे पाहावे. ती दिसत नसेल, तर पाते मुठीत कोठवर गेले आहे हे विकणाऱ्यास नि:संकोच विचारावे, आणि तो सांगू शकला नाही तर सुरी खाली ठेवावी.

दुसरी कसोटी घडीची. मिटणारी सुरी खिशात सोयीची असते, पण तिच्या सांध्यात चिखल व वाळू शिरते, आणि पाते जागेवर अडकवणारी कळ नसेल तर जोर लावताच ते आपल्याच बोटांवर मिटते. म्हणून संकटाच्या पिशवीतील मुख्य सुरी न मिटणारी असावी. मिटणारी ठेवावयाची तर जोडीस ठेवावी.

तिसरी कसोटी मापाची. मोठी सुरी म्हणजे चांगली सुरी, हा पुष्कळांचा गैरसमज असतो. पाते चार ते पाच इंच, म्हणजे दहा ते साडेबारा सेंटिमीटर, पुरे. एवढ्या पात्यावर मनगटाचा ताबा राहतो आणि बारीक कामही साधते. पात्याची पाठ तीन ते चार मिलिमीटर जाड असावी. ह्याहून पातळ पाते पिळवटते. ह्याहून जाड पाते चिरण्याऐवजी फाडते. धार एकाच बाजूस असावी व पाठ सपाट असावी, म्हणजे पाठीवर अंगठा ठेवून दाबता येतो, आणि लाकडाच्या ओंडक्याने पाठीवर ठोकून बारीक सरपण फोडता येते. दुधारी पाते हे भोसकण्याचे हत्यार आहे. ते घरंदाज माणसाच्या पिशवीत शोभत नाही. करवतीचे दाते पात्याच्या पाठीवर मिरवण्यापुरतेच असतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

चौथी कसोटी पोलादाची, आणि येथे जरा थांबून विचार करावयास हवा. सुरीचे पोलाद ढोबळमानाने दोन जातींचे. एक साधे, कर्बयुक्त पोलाद. दुसरे न गंजणारे. साध्या पोलादास धार लवकर चढते आणि पुष्कळ टिकते, ते चिवट असते, पण आपल्या दमट खाऱ्या हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके उमटतात. न गंजणाऱ्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पात्यावर डोळ्यास न दिसणारा पापुद्रा धरतो आणि तो गंज रोखतो. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा मनुष्य बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ धातू शोधत असता असे पोलाद त्याच्या हाती आले, आणि शेफील्ड हे सुऱ्यांचे गाव असल्याने ते लवकरच जेवणाच्या टेबलावर पोहोचले. बंदुकीसाठी शोधलेली वस्तू भाकरी कापण्याच्या कामी यावी, ह्यात मला यशया संदेष्ट्याने पाहिलेल्या स्वप्नाची छटा दिसते.

मग कोणते घ्यावे? जो माणूस सुरी रोज वापरतो, पुसतो, तेल लावतो, त्यास साधे पोलादच उत्तम. म्हणूनच रेंदेर व पाडेली त्यास सोडीत नाहीत. परंतु जी सुरी वर्षातील अकरा महिने पिशवीत पडून राहणार, तीस कोकणाच्या हवेत न गंजणारे पोलाद अधिक बरे. मात्र 'न गंजणारे' म्हणजे 'कधीच न गंजणारे' नव्हे. खाऱ्या पाण्यात भिजवून तशीच ठेवली तर तीही डागाळते.

आपल्या लोहाराकडे सुरी करवून घेणे हा तिसरा मार्ग आहे आणि मला तो अतिशय प्रिय आहे. डिचोली तालुक्याच्या डोंगरांतून वर्षानुवर्षे लोहखनिज निघाले, बार्जांत भरून परदेशी गेले, आणि आपला गावचा लोहार मात्र कोयता घडवतो तो मालमोटारीच्या मोडक्या पाट्याचा! ह्यात हसण्यासारखे काही नाही. मालमोटारीच्या धक्क्यांस वर्षानुवर्षे लवून पुन्हा सरळ होणारा तो पाटा उत्तम चिवट पोलादाचा असतो, आणि त्यात सुमारे अर्धा टक्क्याहून थोडा अधिक कर्ब असतो. लोहार तो तापवून ठोकतो, लालभडक करून एकदम थंड करतो, म्हणजे 'पाणी देतो', आणि नंतर पुन्हा बेताने शेकतो. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते. नुसते शेकलेले मऊ राहते. दोन्ही प्रमाणात झाले तरच ते धार धरते आणि मोडत नाही. मुलांना वाढवतानाही शिस्त आणि माया ह्यांचे असेच असते, हे आईबापांस मी वेगळे सांगावयास नको. पाण्याची परीक्षा लोहाराकडेच करून घ्यावी. त्याची कानस धारेवर हलकेच फिरवावयास सांगावे. कानस घसरली तर पाणी नीट बसले आहे. कानस चावली तर पाते मऊ आहे.

पाचवी कसोटी मुठीची व म्यानाची. मूठ ओल्या हातातून निसटू नये. पॉलिश केलेली गुळगुळीत मूठ दुकानात सुंदर दिसते, पण पावसात ती माशासारखी हातातून सुटते. मुठीच्या पुढे बोट अडेल असा उंचवटा असावा, नाहीतर जोर लावताना बोटे धारेवर सरकतात. मुठीस भोक असेल तर त्यातून दोरी ओवून मनगटात अडकवता येते, आणि त्या शेतकऱ्याचे पाते ज्या पाण्यात गेले त्या पाण्यात आपली सुरी जात नाही. म्यान घट्ट असावे. उलटे धरून हलवले तरी सुरी पडता कामा नये. चामड्याचे म्यान देखणे खरे, पण ते ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळी प्रदेशात कठीण प्लास्टिकचे, खाली पाणी निथळावयास भोक असलेले म्यान अधिक चांगले.

राखण

पवित्र शास्त्रातील उपदेशकाच्या ग्रंथात म्हटले आहे की हत्यार बोथट झाले आणि त्यास धार लावली नाही, तर माणसास अधिक जोर लावावा लागतो. बोथट सुरी अधिक धोक्याची असते, हे त्या ज्ञानी पुरुषास त्या प्राचीन जगातही ठाऊक होते. जोर लावलेला हात घसरतो आणि घसरलेला हात जखमी होतो. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात तर ह्याहून बोलकी हकीकत आहे. पलिष्ट्यांनी इस्राएलाच्या साऱ्या देशात एकही लोहार राहू दिला नव्हता, आणि आपला फाळ व कुऱ्हाड पाजवावयास इस्राएली शेतकऱ्यास शत्रूच्याच दारी जावे लागे. ज्यास आपल्या हत्यारास स्वतः धार लावता येत नाही, तो पराधीनच राहतो.

म्हणून सुरीबरोबर कुरुंदाचा एक लहान दगड घ्यावा, एक बाजू खरखरीत आणि दुसरी मऊ असलेला. दगड पाण्याने ओला करावा. पाते प्रथम दगडावर काटकोनात उभे धरावे, मग तो कोन निम्मा करावा, आणि तो पुन्हा निम्मा करावा. तोच धारेचा कोन समजावा. त्या कोनात, दगडाचा पातळ काप काढावयाचा आहे अशा रीतीने, पाते पुढे सरकवावे. जितके फेरे एका बाजूने, तितकेच दुसऱ्या बाजूने. कागद धरून कापून पाहावा. कागद फाटला तर पुन्हा घासावे. सरळ चिरला तर झाले. मग एक जुनी नायलॉनची दोरी ओली करून कापून पाहावी. पुरातील खरी परीक्षा तीच आहे.

पाते कोरडे करून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल फार दिवसांनी चिकट होते, म्हणून महिन्या दोन महिन्यांनी पुसून नवे लावावे. वर्षातून एकदा, मे महिन्यात पुरुमेंत भरताना, संपूर्ण पिशवी रिकामी करून सारे पाहावे. विजेरी पेटते काय, औषधांची मुदत संपली काय, सुरी कापते काय? त्या दहा कुमारिकांच्या दाखल्यातील पाच मूर्ख कुमारिकांजवळ दिवे नव्हते असे नाही. दिवे होते, तेल नव्हते. आपल्या घरातही सुरी असते; धार नसते.

दोन परदेशी सुऱ्यांची गोष्ट

आपल्या बाजारात परदेशी सुऱ्याही येतात. त्यांपैकी दोन आपल्या कुटुंबवत्सल वाचकांस आवडतील. स्वित्झर्लंडच्या इबाख गावी कार्ल एल्सनर ह्याने १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ साली तेथील सैनिकांस सुऱ्या पुरवल्या. १९०९ साली त्याची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा त्याने कारखान्यास तिचे नाव दिले. १९२१ साली न गंजणारे पोलाद वापरात आले, तेव्हा त्या पोलादाचे 'इनॉक्स' हे नाव आईच्या नावास जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हा शब्द झाला. जगभर लक्षावधी लोक त्या आईचे नाव खिशात बाळगून आहेत आणि त्यांस ते ठाऊकही नाही!

फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल ह्याने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीची मिटणारी साधी सुरी केली. तिच्या पात्यावर मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात कोरलेला असतो. तो हात जवळच्या सेंट-जाँ-द-मोरियेन नगराच्या चिन्हातील, आणि त्या नगरात संत योहान बाप्तिस्त्याच्या बोटांचे अवशेष जपलेले आहेत अशी परंपरा आहे. १९५५ पासून ह्या सुरीस पाते अडकवणारे फिरते कडे बसवले गेले. साध्या माणसाच्या हत्यारावर संताचा आशीर्वाद असावा, ह्यात काय नवल? मात्र ह्या दोन्ही सुऱ्या मिटणाऱ्या आहेत, तेव्हा त्या जोडीस ठेवाव्यात, मुख्य म्हणून नव्हे.

सावधगिरी

आता थोडे कठोर बोलतो. गेथशेमनेच्या बागेत पेत्राने तलवार उपसून मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला, तेव्हा प्रभूने त्यास तलवार म्यानात घालावयास सांगितले आणि दासास बरे केले. सुरी घरात आणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. ती पिशवीत राहावी, पिशवी मुलांच्या हातास लागणार नाही अशा जागी असावी, आणि ज्या घरात दारू व भांडण आहे त्या घरात तर तिची जागा एकट्या गृहिणीस ठाऊक असावी. तरुणांनी ती कमरेस लावून जत्रेत वा फेस्तात मिरवू नये. भारताच्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेल्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. मी सांगितलेले माप त्याहून कितीतरी लहान आहे, तरीही विनाकारण जवळ बाळगणे शहाणपणाचे नाही. विमानात हातातील सामानात तर ती मुळीच चालत नाही.

वापरताना धार नेहमी आपल्यापासून दूर असावी. जनावराचे दावे कापावयाचे तर गळ्याशी नव्हे, खुंट्याशी कापावे, आणि धार जनावराच्या उलट दिशेस ठेवावी. वादळानंतर खाली पडलेली तार मेलेली आहे असे समजून कदापि तिच्याजवळ सुरी नेऊ नये. आधी वीज खात्यास कळवावे. जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा, रक्त थांबेपर्यंत पुनःपुन्हा उघडून पाहू नये, आणि चिखलातील जखमेवर धनुर्वाताची सुई घ्यावयास विसरू नये.

शेवटची गोष्ट

काही भाविक मला विचारतात, "फादर, देवावर भरवसा ठेवणाऱ्याने एवढी तयारी कशास करावी?" त्यांस मी आपल्या 'पुरुमेंत' ह्या शब्दाचेच मूळ सांगतो. तो पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'पासून आला, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'पुढचे पाहणे' ह्या अर्थाच्या शब्दात आहे. ज्यास आपण ईश्वरी योजना किंवा परमेश्वराची काळजी म्हणतो, तो पाश्चात्त्य भाषांतील शब्दही त्याच मुळापासून निघाला आहे. देव पुढचे पाहतो; आणि त्याने माणसास जी बुद्धी दिली तीही थोडे पुढचे पाहण्यासाठीच दिली. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्या दूरदृष्टीस विवेक ह्या सद्गुणाचा मुख्य भाग म्हटले आहे. तेव्हा तयारी करणारी गृहिणी अविश्वासू ठरत नाही. ती आपल्या लहानशा घरापुरते देवाचेच काम करीत असते.

मागील मे महिन्यात मी पेडण्याच्या त्या शेतकऱ्याकडे पुन्हा गेलो होतो. गोठ्यात तीन जनावरे होती. दावी आता नायलॉनची नव्हती. काथ्याची होती, आणि गाठ ओढताच सुटेल अशी मारलेली होती. गोठ्याच्या मेढीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, लोहाराने केलेली एक सुरी म्यानासह खिळ्यास टांगली होती. मी ती उपसून पाहिली. पात्यावर खोबरेल तेलाचा ताजा हात होता. त्याने काही म्हटले नाही, मीही काही म्हटले नाही. सुरी म्यानात घालून मी जागेवर टांगली, आणि त्या गोठ्यास मनोमन आशीर्वाद देऊन निघालो.

येत्या शुक्रवारी बाजारास जाल तेव्हा, माझ्या प्रिय कुटुंबांनो, सुक्या मासळीच्या आणि मिरचीच्या पिशव्यांबरोबर हेही पुरुमेंत स्मरा. आणि देव करो, त्या सुरीने तुम्हांस उभ्या आयुष्यात शहाळी सोलण्यापलीकडे काही काम न पडो.